नीलिमाची बेसबॉलची कार्डं

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. आपल्या लोकांना पुढच्या रांगेत बसायचं म्हटलं की संकोच वाटतो. नीलिमा असती तर एकेकाला हाताला धरून आणून बसवलं असतं तिने.

मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. बांधकामाच्या साइटवरच्या मीटिंगमध्ये मी इतका बोलतो की लोक घड्याळाकडे बघायला लागतात. आज सकाळपासून पहिलं वाक्य शोधतोय, ते सापडत नाही. तेव्हा सरळ सांगतो. मागच्या मंगळवारी माझी बायको गेली. दुपारचा चहा टाकला होता. म्हणाली, "अहो, छातीत कसंतरी होतंय." हॉस्पिटलला पोचलो आणि डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

तुम्ही तिला आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांमुळे ओळखता. कोणी तिच्या हातची पुरणपोळी खाल्ली असेल, कोणाची मुलं तिच्याकडे मराठी शिकली असतील. पण इथे शारजात, आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये कपाटाचा एक अख्खा कप्पा बेसबॉलच्या कार्डांनी भरलाय, हे फार थोड्यांना माहीत आहे. हो, बेसबॉल. हसलात तरी चालेल. मीही खूप हसलोय.

बेसबॉलचं कार्ड म्हणजे पत्त्याएवढा पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या खेळाचे आकडे. अमेरिकेत लोक ती जमवतात. जुनं असलं तर जीव टाकतात, आणि त्यावर खेळाडूची सही असली तर विचारूच नका. आता साताऱ्यात वाढलेल्या बाईचा याच्याशी काय संबंध?

संबंध हा इथे बसलाय. पहिल्या रांगेत, निळ्या शर्टात. आमचा निनाद.

निनाद शाळेत असताना त्याच्या वर्गात एक अमेरिकन मुलगा होता. त्याच्या वडिलांची बदली झाली आणि जाताना तो बुटांच्या खोक्यात भरून आपली कार्डं निनादला देऊन गेला. निनादला वेड लागलं. पुढे तो स्वतःच अमेरिकेला गेला, शिकला, शिकागोला नोकरीला लागला. खोकं इथेच राहिलं.

मंडळी, इथे वाढलेल्या मुलांचे फोन तुम्हाला ठाऊक आहेत. आपण मराठीत विचारायचं, उत्तर इंग्लिशमध्ये. कसा आहेस? आय ॲम गुड, आई. जेवलास? येस. थंडी आहे? येस. काम कसं चाललंय? बिझी. ओके, यल्ला, बाय. फोन ठेवला की नीलिमा बराच वेळ तो हातातच धरून बसायची. मी म्हणायचो, अगं मुलगा मोठा झालाय.

एका रविवारी तिने ते खोकं काढलं. फोन आला तेव्हा एक कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, हा मिशीवाला कोण रे? त्या दिवशी निनाद बोलत राहिला. इकडे कुकर थंड झाला, जेवायची वेळ टळली, हा बोलतोच आहे. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून नुसती हसली. नवी साडी आणली तरी ती तशी हसत नसे.

मग काय विचारता. पिचर म्हणजे आपला बॉलर, हे ती मला शिकवायला लागली. दुबईच्या सेकंडहँड बाजारात जाऊन अमेरिकन लोकांच्या खोक्यांत हात घालून बसायची. इथून प्रत्येकालाच कधी ना कधी जायचं असतं. जाताना लोक सोफा विकतात, सायकली विकतात, मुलांच्या खोल्या रिकाम्या करतात. त्यातून ती कार्डं वेचायची. एकदा खलिफा सिटीत एका बाईकडे सही केलेला बॉल आहे असं कळलं, तर शारजाहून अबुधाबीची बस पकडून एकटी गेली. बॉल मांडीवर घेऊन परत आली. किती दिले, हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संसार असाच टिकतो.

आणि एकदा तिने जे केलं ते फक्त आपल्या माणसालाच सुचेल. तिला एक फार जुनं कार्ड मिळालं, आमच्या दोघांपेक्षा वयाने मोठं. कडा जरा मऊ पडल्या होत्या. बाईसाहेब खाली, सरकारी अर्ज टाइप करून देतात त्या टायपिंग सेंटरमध्ये गेल्या आणि कार्ड लॅमिनेट करून आणलं. आपण काय करतो? डिग्री मिळाली, लॅमिनेट. जन्माचा दाखला, लॅमिनेट. जे जपायचं ते प्लास्टिकमध्ये घालायचं. रविवारी मोठ्या कौतुकाने तिने ते निनादला दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला. मग हा म्हणाला, "आई, यू किल्ड इट." लॅमिनेट केलेल्या कार्डाला शौकीन लोक हातसुद्धा लावत नाहीत म्हणे. नीलिमा म्हणाली, "पण आता आमटी सांडली तरी चालेल ना?" त्यावर पोरगा इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

पण मला आज एक दुसरा फोन सांगायचाय. निनाद, तुला न विचारता सांगतोय.

गेल्या वर्षीची गोष्ट. त्या रविवारी हा नेहमीसारखा नव्हता. नीलिमाने एका पिचरचं कार्ड धरलं होतं. हा म्हणाला, या माणसाला टीमने मध्येच काढून टाकलं. एवढंच. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो, माझ्या काहीच लक्षात आलं नाही. नीलिमाने कार्ड खाली ठेवलं नाही. तिने विचारलं, "मग पुढे काय केलं त्याने?"

हा म्हणाला, "ही इज लुकिंग, आई."

ती म्हणाली, "आणि जेवतोय का वेळेवर?"

मग माझा मुलगा चक्क मराठीत म्हणाला, "नाही गं."

मग मी पेपर बाजूला ठेवला. नोकरी गेल्याचं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही काळजी करू म्हणून. ती त्या पिचरबद्दलच बोलत राहिली. त्याने घाबरू नये, भाताचा कुकर तरी लावावा, घरी यावंसं वाटलं तर यावं, त्यात कसली लाज. दोन महिन्यांनी त्याला दुसरी नोकरी लागली. ती लागेपर्यंत रविवारचा एकही फोन चुकला नाही.

मंडळी, तिच्यासारखं हे मला जमत नाही. मला सिमेंटचे भाव विचारा, मी सांगतो.

निनाद आला त्याला आता आठवडा होईल. आम्ही दोघं रोज बोलतोय. डेथ सर्टिफिकेट, तिचा व्हिसा कॅन्सल करणं, बँक, फ्लॅटचं ॲग्रीमेंट. भरपूर बोलतोय. पण काल त्यातलं शेवटचं काम उरकलं. गाडीत बसलो, आणि अल नहदाच्या सिग्नलपर्यंत आम्हाला दोघांनाही काही सुचेना. मला भीती वाटली, मंडळी. बायको गेल्याचं दुःख तर आहेच. ती रोज सकाळी मला हवी असते, चहा करताना हवी असते, दार उघडताना हवी असते. पण सिग्नलला वाटलं, हा शनिवारी विमानात बसेल आणि मग रविवारी आम्ही एकमेकांना काय म्हणणार? जेवलास? येस. थंडी आहे? येस.

निनाद, घरी गेल्यावर मी एक कार्ड काढलं. मागचे आकडे वाचले. एक अक्षर कळलं नाही. तेव्हा बाळा, ती कार्डं शिकागोला नेऊ नकोस. दुबई मरीनाचे एक गृहस्थ ती विकत घ्यायला तयार आहेत, त्यांनाही देऊ नकोस. माझ्यापाशी राहू देत. रविवारी फोन कर. मी तुला मूर्खासारखे प्रश्न विचारीन, तेच तेच विचारीन. तुझ्या आईइतकं मला समजणार नाही, पण मी फोन ठेवणार नाही.

आता सगळे उभे राहूया. थोडा वेळ तिच्यासाठी शांत राहूया.

निनाद, तू इकडे ये. माझ्याजवळ उभा राहा.