शंकेची परात

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय मॅडम, मंचावर बसलेले सर्व वरिष्ठ अधिकारी, सूत्रसंचालन करणाऱ्या बेबीनंदाताई, आज निवृत्त होणारे आमच्या पोलीस दलाचे आर्मरर, म्हणजे हत्यारं-गोळ्या तपासणारे, हवालदार धम्मपालराव, त्यांच्या सौभाग्यवती सुमेधावहिनी, आणि वाटूर-जाफराबादपासून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम.

मला सांगितलंय, संपतराव, पाच मिनिटंच बोला. धम्मपालरावांबद्दल पाच मिनिटांत? अहो, सव्वीस वर्षं मी या माणसावर जळून राह्यलो. पाच मिनिटांत काय काय सांगू?

हसू नका. खरं सांगतो.

आम्ही एकाच दिवशी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आल्तो. दोघांचं शिक्षण बराबर. पण साहेब आले की विचारायचे, "धम्मपाल कुठंय?" मी समोर उभा असायचो, हातात बंदूक, तरी धम्मपाल कुठंय! आजही बघा, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा न्हाई. माझ्या निरोपाला एवढे लोक येतील का? खुर्च्या अर्ध्याच मागवा, मॅडम.

पाहुण्यांना आमचं काम थोडं सांगतो. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या गोळ्या कोतात शिल्लक होत्या. पत्रा गळून पेट्यांत ओल गेल्ती, पितळेवर हिरवा गंज चढला होता. सरावासाठी त्या वापरायच्या का न्हाई, हे धम्मपालराव ठरवायचे. टेबलावर तीन पराती, खाली फडकं. एक चांगल्यांची, एक बाद, मधली शंकेची. एकेक गोळी कोरड्या फडक्यानं पुसायचे. नखाला खड्डा लागला, मानेला चीर दिसली, मागच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती हिरवं दिसलं, की बाद. आणि नुसतं मन खात असलं, तर शंकेची परात. तिथली गोळी कधी चांगल्यांत परत गेली न्हाई. एकही न्हाई. मी म्हणायचो, "अरे बाबा, एवढं काय? पुसली की झालं." ते म्हणायचे, "संपत, गंज बाहेरून दिसतो. आतल्या बारूदाचं काय झालंय ते कुणाला दिसतं?"

मला वाटायचं, भाव खाऊन राह्यला.

मंग बारा वर्षांपूर्वी ते भाचीच्या लग्नाला जाफराबादला गेल्ते. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची तपासणी, त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या भरतीचा गोळीबार. कोत माझ्या ताब्यात. म्हटलं, आज दाखवतोच. शंकेची परात घेतली आणि आमच्या घरी पितळेची भांडी घासतात तशा त्या गोळ्या चिंच आणि राख लावून घासल्या. काय चकाकल्या म्हणून सांगू! पण त्या पेटीतल्या बाकीच्यांत वेगळ्या दिसायला लागल्या. म्हणून चांगल्याही घासल्या. सगळ्या एका पेटीत भरल्या. कोणती शंकेची आणि कोणती चांगली, हे मलाही ओळखू येईना.

साहेबांनी पेटी उघडली आणि म्हणाले, "वा! कुणाचं काम?" मी छाती काढून म्हणालो, "माझं." मला प्रशंसापत्र मिळालं. बारा वर्षं ते आमच्या बैठकीत टांगलेलं होतं. येईल त्या पाहुण्याला मी दाखवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोरी-पोरं ओळीत झोपलेली, रायफली खांद्याला. धम्मपाल एसटीतून उतरून थेट मैदानात आले. पेटी उघडली. एक गोळी नाकाजवळ नेली, नखानं खरवडली. माझ्याकडं पाहिलं. आणि अख्खी पेटी बाद केली.

साहेब भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी स्वतः पाहिल्यात, चकाचक आहेत. तुला काय दिसलं रे?" धम्मपाल म्हणाले, "साहेब, मला खात्री न्हाई." बस्स, एवढंच. माझं नाव घेतलं असतं तर मी तिथंच संपलो असतो. घेतलं न्हाई. गोळीबार रद्द झाला, ठपका त्यांच्यावर आला, हवालदारकी दोन वर्षं लांबली. सुमेधावहिनी, तुम्हाला ती दोन वर्षं आठवत असतील. का लांबली ते तुम्हाला आज कळतंय.

मला नंतर एकांतात ते एवढंच म्हणाले, "संपत, चिंच आमटीत घालत जा."

तुम्हाला वाटेल मी उपकार मानले. बिलकुल न्हाई! मी आणखी जळलो. का रे सांगितलं न्हाईस? ओरडला असतास, तर आपण बराबर झालो असतो. तू गप्प राहून माझ्यापेक्षा मोठा झालास आणि मला ते रोज बघावं लागलं.

सहा महिन्यांनी त्या पेटीचा चाचणी अहवाल आला. तीन गोळ्या झाडताना मागून फाटल्या होत्या, म्हणजे झाडणाऱ्याच्या तोंडावरच. मी तो अहवाल वाचून फायलीला लावला, साहेबांना दाखवला न्हाई. त्या दिवशी ओळीत पहिली रायफल कुणाच्या गालाला होती, हे मला बराबर आठवतं. वाटूरहून भरती झालेली एक मुलगी होती. आज ती आपलं सूत्रसंचालन करून राह्यलीय.

बेबीनंदाताई, खाली बघू नका. खाली मी बघायला पाहिजे.

मॅडम, कार्यक्रमपत्रिकेत यानंतर लिहिलंय, कोताची किल्ली संपतरावांकडे सुपूर्द. सव्वीस वर्षं मला तीच किल्ली हवी होती. आजही हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण ती देण्याआधी हे प्रशंसापत्र घ्या, सकाळीच भिंतीवरून काढून आणलंय. आणि धम्मपाल, आज शेवटचं काम तुझ्याकडं. तीन पराती आहेत. मला कोणत्या परातीत ठेवायचं ते तू सांग. शंकेच्या परातीतून कुणी परत येत न्हाई, हा नियम तुझाच आहे, आणि तो बराबर आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ता सभेची माफी मागतो. मी फक्त एकीचीच मागतो. बेबीनंदाताई, मला माफ करा. जमलं तर.