मॉनिटर आणि बाबांचा पुठ्ठा

दुसरा मॉनिटर घरी आला त्या दिवशी मी इतकी खूश होते की चहा गार झाला तरी लक्ष नव्हतं. कॉम्प्युटरचं सॉकेट एक, मॉनिटरची वायर भलतीच, म्हणून गंगापूर रोडवरून अडॅप्टर आणला. जोडला, तर स्क्रीन काळी. धावत जाऊन दुसरा आणला, तरी काळी. तिसऱ्या वेळी दुकानदारच म्हणाला, "मॅडम, घरी नक्की काय चाललंय?"

बाबा शेजारी शांतपणे पेपर वाचत होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला माणूस.

शेवटी वैतागून मी टेबलाखाली शिरले. मॉनिटरच्या प्लगचं बटण बंद, आणि त्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठा: 'माणूस काम करत आहे. चालू करू नये.' खाली बाबांची सही.

"बाबा, हे तुम्ही बंद केलंत?"

"तू वायरी जोडत होतीस ना."

"मग सांगायचं तरी."

"काम संपलं म्हणून तू कुठे कळवलंस?"

"संपलं."

वीज केंद्रातल्या नियमाप्रमाणे त्यांनी आधी पुठ्ठ्यावर काम संपल्याची माझी सही घेतली, मग बटण दाबलं. स्क्रीन उजळली तशी मी टुणकन उडी मारली. बाबा सहीखाली वेळ लिहीत होते.