मधूच्या परकराचं माप

बाळांनो, निपाणीतल्या शिंप्याच्या दुकानापुढची रांग डोळ्यांसमोर आणा. आठ वर्षांची नीलम आजीचा पदर धरून तिथं उभी होती.

“आजी, परकर मधूचा, मग माप माझं का?”

“ती दुबईत हाय न्हवं? तुमी चुलत बहिणी एकाच महिन्यात जल्मलेल्या.”

“मागचा तिला आखूड झालता.”

“व्हय. लई वाढलीया म्हणं. फोनात नुसतं तोंडच दिसतंय.”

“ह्यो बी आखूड झाला तर?”

“पडंल पेटीत. पुढं या म्हणत्यात, चल.”

“जयाबाई, यंदा किती वाढवू?” शिंप्यानं विचारलं.

“मला काय ठावं, अण्णा? दोन वर्सं पोर बघितली न्हाय.”

“मग हिच्याच मापाचा शिवतो. सरळ उभी ऱ्हा गं.”

नीलम सरळ उभी राहिली आणि परकराआड तिनं हळूच टाचा उचलल्या.