सगळ्या कुलपांना एकच चावी

"आजी, सगळीकडे असंच करतात," पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला.

"करतेत तर करू द्या. इथं न्हाई चालायचं!"

वडवणीतल्या आमच्या ऊसतोड बायांच्या संस्थेचे सगळे प्रोग्राम ज्या क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर चालतात, तो मी सांभाळते. कुणी शिकवलं न्हाई, माझी मी शिकले. बायांचे दवाखान्याचे कागद क्लाउडवर ठेवायचे म्हणून क्लस्टर क्लाउडला जोडायचं काम ह्या माणसाला दिलं, तर ह्यानं प्रत्येक प्रोग्रामला क्लाउडच्या अख्ख्या खात्याची चावी देऊन टाकली! मुकादम ज्यात हजेरी भरतो, त्यालासुद्धा. म्हणजे कुणाची गर्भपिशवी काढली, हे आता मुकादमानं वाचायचं?

"अहो, आम्ही तोडीला जाताना शेजारणीला गोठ्याची चावी देतो, पेटीची न्हाई," मी म्हणाले. "हजेरीला हजेरीपुरतीच परवानगी द्या."

"त्याला आणखी दोन दिवस लागतील. आणि मुकादम कशाला बघतोय, आजी? कागदच तर आहेत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग साहेब, आधी तुमच्या बायकोचे कागद ह्यात टाका, आमच्या बायांचे मागून टाकू."