हात थरथरायला हवा

‘नवीला कळू देऊ नका’ — असं म्हणाल्या हो आमच्या सासूबाई, आत्ता, त्या पडद्यामागं. नवी म्हणजे मीच. लग्नाला दोन महिने झाले, ‘हो आई’च्या पलीकडे घरात माझा आवाज कुणी ऐकलेला नाही — बसा ना तुम्ही, मी सरकते. तुमचे यजमान आहेत का आत? आमचे सासरे. चाळीस वर्षं सलून चालवलं, मग हा कंपवात — गेल्या वर्षी वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच. तरी रोज दुकान उघडतात आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसतात. आज मेंदूत बारीक तार बसवणार आहेत, करंट देणारी. घाबरलेत? छे! सकाळी त्यांचं डोकं भादरलं, तर भादरणाऱ्यालाच म्हणतात, ‘माझ्या दुकानात तुला झाडूसुद्धा धरू दिला नसता!’

आणि गंमत म्हणजे जागं ठेवून करतात हे. म्हणून तर डॉक्टरांनी बजावलं होतं — कालपासून गोळी बंद. हात चांगला थरथरायला हवा, तेव्हाच कळणार ना, तार कुठं टेकली की तो थांबतो? सगळ्यांनी माना डोलावल्या, आमच्या ह्यांनी तर सगळ्यात जास्त. आणि पहाटे तो हात असा उडायला लागला की अंगावर पांघरूण राहीना. आईंना बघवेना. दिली गुपचूप एक गोळी! ‘चार परक्यांसमोर त्यांचा हात तसा दिसायला नको,’ असं ह्यांच्या आत्याबाईंना सांगत होत्या. आत्याबाई म्हणतात, बरं केलंस! आता बघा तो हात — शहाण्या बाळासारखा पडलाय.

वाईट मनानं केलं का? मुळीच नाही. बाबांच्या सदऱ्याची बटणं रोज आईच लावतात, आणि लावताना मुद्दाम गुणगुणतात — म्हणजे जणू हौसच आहे त्यांना. अशा बाईची चुगली करायची? ह्यांना सांगावं, तर हे आधी आईंच्या तोंडाकडे बघणार. गप्प बसावं, तर तार भलतीकडेच — आणि मग? पुन्हा डोकं उघडायचं? — अगंबाई, न्यायला आले वाटतं. एवढी पिशवी धरा माझी —

सिस्टर, थांबा! अहो, थांबा म्हणते ना! बाबांनी पहाटे गोळी घेतलीय. — आई, घरी गेल्यावर मला हवं तेवढं बोला, मी ऐकून घेईन. आत्ता फक्त सिस्टरना सांगा, किती वाजता दिलीत?