दुर्बिनीचं हळदकुंकू

मले एक सांगा, दुर्बिनीले कोनी हळदकुंकू लावते काय? आमच्या अकोल्यात लावतेत!

लेकरांच्या विज्ञान संग्रहालयात आमी चार-पाच जन दर रविवारी हौसेनं राबतो. नवी दुर्बीन आली, तिच्या काचा मी सकाळीच मऊ फडक्यानं पुसून ठेवल्या. दुपारी उद्घाटनाच्या तोंडावर आमचे सेक्रेटरी पूजेचं ताट घेऊन आले अन् कुंकवाचं बोट थेट डोळा लावायच्या काचेवरच टेकवलं. म्हनलं, "हे काहून?" तं म्हनते, "नव्या वस्तूची पूजा नाही करा लागत?"

मी फडकं शोधतो तोवर प्रमुख पाहुने हजर. त्याईनं डोळा लावला. "व्वा! मंगळ दिसून राहिला! लालभडक!"

भर दुपारी! अन् दुर्बीन होती पान्याच्या टाकीकडं! तरी सारे टाळ्या वाजवून राहिले. मंग डोळ्याभोवती कुंकू घेऊन साहेब वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलले.

बार्शीटाकळीच्या शाळेतल्या एका पोरीनं हात वर केला. "सर, दिवसा मंगळ कसा दिसला?"

तिचे मास्तर खेकसले, "चूप! पाहुन्याईले असं विचारत नसतेत."

अरे, विज्ञानाच्या घरात लेकरानं विचारायचं नाही, तं काय दुर्बिनीची आरती म्हनायची?