हात सोडला की थांबणारं मशीन

—नाही नाही ताई, ते नका काढू, ते चकचकीत दिसतंय पण चाकांवरून कळतंय, वरून रंग मारलाय नुसता. मला मशीन वापरलेलंच हवंय, पण वापरणाऱ्याने नीट ठेवलेलं. ते कोपऱ्यातलं राखाडी कुठलंय, ज्याच्यावर पुठ्ठ्याची खोकी रचलीत? हो, तेच. जरा पुढे घेता? मी घेतलं असतं, पण— घ्या तुम्हीच. तुमचं दुकान, कुठे काय अडकलंय ते तुम्हाला माहीत. मी आपला इथे उभा राहतो. हात खिशात आहे तो थंडीने हो, बाकी काही नाही. बाहेर तशी थंडी नाही म्हणा, पण मला वाजते. आमची ही गाडीत बसलीये, पाय प्लास्टरमध्ये आहे ना तिचा, म्हणून म्हटलं आधी मी बघून येतो. येईल ती मागून, ब्रश तीच निवडणार. तेवीस वर्षं दोघं मिळून गालिचे धुतोय, पण ब्रशाच्या बाबतीत माझं काही चालत नाही. माझं काम हँडल धरायचं, तिचं काम मला सांगायचं. मेहुणा घेऊन आलाय आम्हाला. मी हल्ली गाडी चालवत नाही. डोळे जरा… हं. डोळे.

वा, ब्रश काढून ठेवलाय तुम्ही. बरं वाटलं. अर्धे लोक मशीन ब्रशावरच उभं करून ठेवतात, केस एका अंगाला झोपतात आणि मग ते लंगडतं, दारू प्यायल्यासारखं. वायर बघू. कुठे चिकटपट्टी नाही ना? प्लग नवा घातलाय वाटतं, तुम्हीच घातलात? छान. मिनिटाला फेरे किती घेतं— पावणेदोनशे? मग ठीक, गालिच्याला त्याच्या वर नकोच, केसच जाळून टाकतं. तो कडक ब्रश फरशीचा, तो राहू दे. हा मऊ गालिच्याचा, ही शॅम्पूची टाकी, नळी तेवढी कडक झालीये, बदलावी लागेल. ब्रशाखाली लावायची सुती गादी नाही का सोबत? असू दे, आमच्याकडे चार आहेत, हिने शिवलेल्या. हे सगळं ती बघेल. मला एकच गोष्ट बघायचीये, आणि ती हिच्या यायच्या आत बघायचीये. हँडलखालचा हा खटका. दाबून धरला की चालू, सोडला की बंद, बरोबर? सोडला की लगेच? लगेच म्हणजे किती लगेच? एक म्हणेपर्यंत, की एक-दोन-तीन म्हणेपर्यंत? आणि समजा बोटं पूर्ण सुटली नाहीत, नुसती ढिली पडली, तर? नाही हो, माझी म्हणून नाही. कुणाचीही.

जुन्याचं काय झालं म्हणता? जुनं विकलं. म्हणजे विकायचंय. घरामागे ठेवलंय, ताडपत्री टाकून. चालू आहे ते, चालण्यात काही खोट नाही— खोटं कशाला बोलू, ते मला डोळ्यांसमोर नको झालंय. सकाळी मागचं दार उघडलं की आधी दुसरीकडे बघतो. ताडपत्री वाऱ्याने हलली तरी मी आत येतो. एवढा मोठा माणूस, एका मशीनला घाबरतो, हसाल तुम्ही. हसा. त्याच्यानेच हिचा पाय मोडला. दोन जागी. महिना झाला.

सांगतो ना. एका हॉटेलचं काम होतं, पहिल्या मजल्यावरचा लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मधे लाल गालिचा. सकाळचे अकरा वाजले असतील, खोल्या रिकाम्या झालेल्या. ही पुढे गुडघ्यांवर बसून कडेकडेने हातब्रशाने डाग काढत होती, मी मागून मशीन घेऊन येत होतो. हँडल जरा उचललं की ते उजवीकडे जातं, जरा दाबलं की डावीकडे. ताकद लागत नाही, लोकांना वाटतं लागते. नुसतं मनगट लागतं. लहान मुलाचं बोट धरून चालावं ना, तसं. तर ते चाललं होतं नीट, आणि वायर अडकली होती एका दाराच्या कोपऱ्यात, म्हणून हिने हात लांब करून ती ओढली. आणि मशीन सुटलं. तुम्हाला माहितीये, धरलेलं नसलं की खालची चकती गालिच्याला चावते आणि वरचं हँडलच गरागरा फिरायला लागतं. ते फिरलं आणि हिच्या घोट्यावर बसलं. आवाज आला— जाऊ दे. हॉटेलवाल्यांना सांगितलं वायर ओढली गेली, डॉक्टरांना सांगितलं वायर ओढली गेली, मेहुण्यालाही तेच. आणि ही तर स्वतःच सांगते सगळ्यांना, मीच वेंधळी, मीच वायर ओढली, ह्यांच्या हातातून मशीन निसटलं ते माझ्यामुळे. रोज म्हणते. सकाळी मी चहा घेऊन गेलो की म्हणते, अहो, तुम्हाला एकट्याला सगळं करावं लागतंय, चूक माझी आणि त्रास तुम्हाला. रोज, ताई. आणि मी कप ठेवतो आणि म्हणतो, असू दे गं, होतं असं.

काय? हो, बरोबर आहे तुमचं. खटका सुटल्यावर थांबायला हवं होतं. तुम्ही मशीनवाल्या, तुमच्या लगेच लक्षात आलं. बाकी कुणी विचारलं नाही. खराब होता खटका आमचा. जुना झाला होता.

—नव्हता खराब.

बसू का जरा या खोक्यावर? मोडणार नाही ना? हे बघा, आता काढतो खिशातून. बघा हा हात. काही दिसतंय? नाही दिसत. मलाही दिसत नाही. चार-पाच महिन्यांपूर्वी शर्टाचं वरचं बटण लागेना. म्हटलं बटण मोठं असेल. मग किल्ली फिरेना. म्हटलं कुलूप गंजलंय, तेल घातलं— चांगल्या कुलपात तेल घातलं मी. असं करत करत माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला काही सीमा नाही. मग एक दिवस मशीन धरलं असताना बोटं सुटली. अशीच, मी उघडली नाहीत, त्यांची ती उघडली. मशीन थांबलं, ही पुढे होती, तिला वाटलं मी दम घ्यायला थांबलो. दिवसातून एकदा व्हायला लागलं, मग दोनदा. आणि मग मी— ताई, हे मी कुणाला सांगितलेलं नाही— मी खटका बांधला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि खटका दाबून हँडलला करकचून बांधला, म्हणजे बोटं सुटली तरी मशीन बंद पडायला नको. काम थांबायला नको. हिला कळायला नको. मनगटाने रेटत न्यायचं नुसतं. तीन आठवडे चाललं तसं. मला वाटलं, जमलं की.

वायर तिने ओढली हे खरंय. पण इतकुशी ओढली, तेवढ्याने काही होत नाही, हजार वेळा ओढली असेल तिने. त्याच वेळी माझा हात गेला. आणि मशीन थांबलं नाही, कारण थांबायची सोयच मी ठेवली नव्हती. मी धावलो, प्लग उपटला. हँडल भिंतीला लागून पडलं. ही ओरडत नव्हती, नुसती गालिचा मुठीत धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, की आता हे येतील. आणि मी… मी आधी मशीनकडे गेलो. वाकून पट्टी सोडवायला लागलो. सुटेना, बोटंच चालेनात, शेवटी दातांनी सोडवली. ती पट्टी खिशात घातली आणि मग हिच्याकडे गेलो. किती वेळ गेला असेल त्यात? अर्धं मिनिट? तेवढ्यात ती मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, मशीन राहू दे हो, मशीनला काही होत नाही, तुम्हाला लागलं नाही ना. तिला वाटलं मी मशीन बघतोय, मोडलंबिडलं का म्हणून.

नका, पाणी नको. हातात पेला दिलात तर पंचाईत होईल.

डॉक्टरकडे? हिच्या पायासाठी पाच वेळा गेलो. त्याच खुर्चीत बसून होतो, डॉक्टर समोर. नाही बोललो. माझा थोरला भाऊ असाच गेला ताई, म्हणून. त्याचंही बटणापासूनच सुरू झालं होतं. बटण, मग चमचा, मग एकदा दाराची मूठ धरली ती सुटेचना, तिथेच उभा, वहिनीने एकेक बोट उकललं. कधी सुटायचा हात, कधी चिकटायचा. मग पाय. मग बोलणं गेलं. तीन वर्षं लागली त्याला, आणि त्या तीन वर्षांत वहिनीचे केस पांढरे झाले. सगळं कळत होतं त्याला, डोळे तेवढे फिरायचे. मी त्याची दाढी करायचो रविवारी. तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्या हनुवटीकडे बघायचो. म्हणून मला नाही विचारायचं डॉक्टरांना. विचारलं की ते सांगतील. अजून कुणी काही सांगितलेलं नाही तोवर हे आपलं— आखडलेलं बोट आहे नुसतं, वयाने येतं तसं. साठीला आलोय मी. आणि हिच्याशिवाय कुणी नाही मला, आणि माझ्याशिवाय तिला कुणी नाही, मेहुणा आहे पण त्याचा त्याचा संसार आहे. ती आता पायाने अधू, मी हाताने. रात्री झोप लागत नाही असं नाही, लागते. पण जागा झालो की आधी बोटं हलवून बघतो, पांघरुणाखाली, तिला कळू नये असं.

म्हणून म्हटलं, असं मशीन घ्यावं जे हात सोडला की थांबतंच थांबतं. बांधता येणार नाही असा खटका असलेलं. मग मला भीती नाही. थांबलं तर थांबलं, तिला सांगेन दम घेतोय. एवढंच हवंय मला. लावा बघू प्लग. थोडं चालवून बघतो, या चटईवर. ब्रश बसवा, खाचा नीट बसल्या ना? हं. सरका जरा, तुम्ही पुढे नका उभ्या राहू, मागे या, माझ्या मागे. अजून मागे.

हे बघा, चाललं. आवाज छान आहे, गियर कुरकुरत नाही. उचललं— उजवीकडे. दाबलं— डावीकडे. ऐकतं हो. आता सोडतो. बघा हं, आता सोडतो, मोजा तुम्ही.

सोडतो.

ताई. ताई, सुटत नाहीये. हात— मी सोडतोय, मी सोडलाय, बोटं सोडत नाहीयेत. बंद करा. प्लग, प्लग काढा ताई, तिकडे ओढतंय ते, खोकी पडतील—

…

हं. झालं. थांबलं.

नका ओढू, थांबा. तसं नाही. एकेक बोट. करंगळीपासून. हां… हां. वहिनी असंच करायची.

म्हणजे सोडल्यावर थांबणारं मशीन असून उपयोग नाही. माझ्या हे डोक्यातच आलं नाही. महिनाभर मी तेवढंच घोकत होतो, सोडला की थांबेल, सोडला की थांबेल. चांगलं आहे हो मशीन तुमचं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. कुणीतरी नेईल. चांगल्या हातात जाऊ दे. तुम्ही रडू नका बाई, तुम्हाला काय झालं, ओळख ना पाळख, आणि मी आपलं सगळं तुमच्यासमोर ओतलं.

—आली वाटतं. हो, तिचीच कुबडी. मशीनचा आवाज ऐकून आली असणार, तिला वाटलं असेल ह्यांनी पसंतच केलं. नाही, तुम्ही काही सांगू नका. तुम्ही सांगायचं नाहीये ते.

अगं, हळू. उंबरा आहे तिथे. दार धर आधी, मग पाय टाक. ये. या खोक्यावर बस, नाही, मोडत नाही, मी बसलो होतो. ब्रश? आहेत ना ब्रश, दोन आहेत, ठेवलेत काढून. बघू नंतर. अगं, ब्रश नंतर बघू, आधी बस म्हणतो ना. मला काय होणार. काही नाही झालं. म्हणजे— झालंय. हात दे तुझा. नाही, तू माझा धर. मला धरता येत नाहीये, तूच धर.

ताई, तुम्ही जरा आत जाता का? नको, चहा नको. आणि तेवढं दार ओढून घ्या. जा तुम्ही.